उलटा हात

कायतान मेस्तने पहिल्याच दिवशी शिकवलं,
म्हापशाच्या बाजारात, मसाल्याच्या दुकानातला
जळका बोर्ड उघडून:
हात लावायचाच झाला, तर उलटा.
करंट मूठ आवळतो, पुता.
तळवा धरून बसतो,
हाताची पाठ तेवढी मागे येते.
हे नियमात बसत नाही.
नियम म्हणतो, हात लावूच नको.
पण नियमाला कुठे दुपारच्या आत
गिऱ्हाइकाचा पंखा फिरवून द्यायचा असतो?

त्याची डावी करंगळी अर्धी होती.
कशी गेली, ते दर वेळी वेगळं सांगायचा.
एकदा कुंभारजुव्याच्या सुसरीने नेली,
एकदा बायकोने.

तेवीस वर्षं झाली.
नळ, गीझर, फ्रीज, पावसाळ्यातली ओली भिंत,
सगळ्यांना मी आधी हाताच्या पाठीने विचारतो:
आहेस का?
बायको म्हणते, माझ्या गालालाही
तू असाच शिवतोस, टेस्टर लावल्यासारखा.

काणकाच्या साइटवर
दुसऱ्या स्लॅबपासून अकरा केव्हीची लाइन
एक माणूस आडवा झोपेल एवढ्याच अंतरावर.
उघड्या तीन तारा.
मधल्या तारेवर खंड्या बसलेला, निवांत.
एकच तार धरणाऱ्याला काही होत नाही,
मरण दोन गोष्टींना एकदम शिवण्यात असतं.

मी सुपरवायझरला सांगितलं.
म्हणाला, खात्यात अर्ज दिलाय.
अर्ज कुणी दिलाच नव्हता, ते नंतर कळलं.
मग मी पुठ्ठ्यावर लाल रंगाने लिहिलं, धोका.
त्याखाली इंग्रजीत. त्याखाली कवटी, दोन हाडं.
कवटी जमली नाही, नारळासारखी झाली.

हुलगप्पाने विचारलं, काय लिहिलंय?
तो कोप्पळचा. वाचायला यायचं त्याला,
पण कानडी.
मी शिडीवर होतो, तोंडात दोन स्क्रू.
म्हटलं, काही नाही. वर बघून चाल.

काही नाही.

बारा मीटरची सळई
दोरीने वर घेताना शेपटीसारखी हलते.
तारेला ती लागलीही नसेल.
अकरा हजार व्होल्ट शिवायची वाट बघत नाहीत,
उडी मारतात.
आवाज झाला, रापणीचा ताणलेला दोर तुटावा तसा.
मग मिक्सर एकटाच फिरत राहिला,
आणि मला आठवतं, मला एवढंच वाटत होतं
की कुणीतरी तो आधी बंद करा.

त्याचे दोन्ही तळवे सळईवर होते.
असणारच.
सळई कोण उलट्या हाताने धरतं?

बांबोळीला हवालदार माझं लायसन्स बघत होता,
मग नाव विचारत होता, मग पुन्हा लायसन्स.
यल्लव्वा आली. ती त्याच साइटवर वाळू चाळायची,
भुवयांवर अजून वाळू होती.
ती रडली नाही, निदान तेव्हा.
तिने हात पालथा केला
आणि त्याच्या कपाळाला लावला,
ताप उतरला का बघावं तसा.
बराच वेळ.
तिला कुठल्या मेस्तने शिकवलं नव्हतं.

पुठ्ठा अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे.
पोलिसांनी मागितला नाही, मी दिला नाही.
परवा पर्वरीच्या साइटसाठी नवा करायला बसलो,
या वेळी तीन भाषांत.
तिथल्या गवंड्याला विचारलं,
धोक्याला कानडीत काय म्हणतात?
त्याने थापीवरचा गिलावा झटकला, म्हणाला, अपाय.

अपाय.
शब्द माझ्या घरातलाच होता.
लिहायचीही गरज नव्हती,
शिडीवरून नुसता म्हटला असता
तरी त्याला कळला असता.

दोन स्क्रू होते तोंडात.
अर्ध्या इंचाचे.